राणीच्या पाठीवरची देवी

माझे सासरे नीळकंठराव यांना नाण्यांचा भारी नाद, पण चांगल्या नाण्याचं त्यांना वावडं. नाणं कसं, कोणीतरी हात लावून बिघडवलेलं पाहिजे. भोक पाडलेलं, कडी डाखलेलं, मधोमध कापलेलं, घासून बटण केलेलं, कोणा हौशीनं बायकोचं नाव कोरलेलं. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला हा माणूस असली रत्नं सुपारीच्या जुन्या डब्यांत ठेवायचा आणि दुपारी पंखा बंद करून बघत बसायचा. पंखा का बंद, ते मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

बोरी अरबला शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या, रुळावर पोरांनी चपटं केलेलं पाच पैशांचं नाणं त्यांनी चिवड्याच्या पुड्याच्या बदल्यात मिळवलं होतं. पण कोणी प्रेमानं भोकाचा जुना पैसा आणून दिला, की खवळायचे.

"हे भोक सरकारनंच पाडलं ना बाबू! यात माणसाचा हात कुठी हाये?"

माणूस बिचारा ओशाळून परत जायचा, आणि चहा मात्र मी ठेवलेला असायचा.

हा नाद लागला कसा, ते सासूबाईंनी, म्हणजे शोभाताईंनी, मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. मामंजींना आयुष्यात एकच नाणं हवं होतं आणि ते त्यांच्या थोरल्या भावाकडे होतं. बाकीचं सगळं मन रमवायला.

थोरले भाऊ किसनराव बाभुळगावला राहायचे. शेती त्यांनी बघितली, म्हणून वडिलांच्या मागे देवघरही त्यांच्याकडे राहिलं. आमच्याकडे तशीच रीत. देव थोरल्याचे, धाकट्यानं नवरात्रात जाऊन पाया पडून यायचं. त्या देवघरात माहूरच्या देवीचा चांदीचा टाक होता. टाक म्हणजे रोजच्या पूजेतली देवाची छोटी प्रतिमा. लोक त्यासाठी चांदीचा पत्रा घेतात. पण आमच्या खापरपणजोबांनी सोनारापुढे सरळ राणीछाप रुपया ठेवला. सोनारानं अक्षरांची बाजू घासून गुळगुळीत केली, तिच्यावर छिन्नीनं देवी कोरली आणि मागचा राणीचा मुखवटा तसाच सोडला. तेव्हापासून देवी वर आणि राणी पालथी, अशा दोघी एकाच ताम्हनात अभिषेक घेत होत्या.

मामंजींनी लहानपणी तो टाक एकदाच उलटून पाहिला आणि त्याबद्दल थोबाडीत खाल्ली. ती राणी त्यांच्या मनातून पुढे कधी उतरलीच नाही.

आता साधी गोष्ट होती. भावाला म्हणायचं, दादा, मला तो टाक दे, तुला नवा करून देतो. पण मामंजींच्या जिभेवर हे वाक्य कधी आलं नाही. दादाला शेत मिळालं, दादाला देव मिळाले, दादाच्या पाया पडायला गावातून लोक येतात, आणि आता दादापुढेच हात पसरायचा? जळत राहायचे नुसते. नवरात्राहून परतताना बसमध्ये त्यांचं तोंड बघवत नसे. "दादाले त्याची काय किंमत? गंधाचा गोळा फासते त्याच्यावर, बस!" हे एवढंच यवतमाळ येईपर्यंत वेगवेगळ्या चालीत ऐकायचं. भाऊ मात्र देवमाणूस. दर वर्षी जाताना आमच्या पिशवीत तुरीची डाळ कोंबायचा.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. सगळ्यात वाईट दोन हजार सहाचं. यवतमाळच्या सराफ्यात फुलचंद सोनाराच्या दुकानी बायांच्या अंगावरची चांदी मोडीत यायला लागली. त्यात तांड्यावरच्या बायांच्या गळ्यातले, वेणीतले कड्या लावलेले रुपये असत. ते मुशीत जायच्या आधी मामंजी तिथे हजर. आमच्या घरात डब्यांवर डबे चढले. मला ते आवडत नव्हतं आणि मी तसं तोंडावर बोललेही. ते म्हणाले, "मी नाही घेतले तर आटवतेच ना तो?" माझा राग तरी गेला नाही.

पण खरा राग मला नंतर आला. एकदा चांदीच्या जोडव्यांसाठी मी फुलचंदकडे गेले, तर तो सहज म्हणाला, "साहेबायले सांगा, बाभुळगावचे किसनराव काही आले नाहीत अजून. आले की निरोप देतो."

जोडवी न घेताच मी निघाले. भावाचा कापूस घरात पडून होता, बैठकीत खिडकीपर्यंत गंजी लागली होती, आणि हे गृहस्थ भाऊ देवाची चांदी मोडायला कधी येतो याची वाट बघत होते! घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याईचं डोकं त्या टाकापाशी चालत नाही, गौरी." आणि पोळ्या लाटत राहिल्या.

किसनराव आले नाहीत. देवाची चांदी मोडणाऱ्यातले ते नव्हतेच. आणि हे मामंजींना आणखीनच झोंबलं. त्या वर्षीच्या नवरात्रात आम्ही बाभुळगावला गेलो, तर आरती झाल्यावर सगळ्यांदेखत ते भावाला बोलले.

"दादा, देवीचं नाक तरी दिसते काय आता? घासून घासून पार सपाट केली तिले. तुह्याच्यानं साधा एक टाक सांभाळल्या जात नाही? लोकं पाहतात, हसतात!"

खरं तर कोणी हसत नव्हतं. मोठ्या सासूबाई इंदूबाईंनी आरतीचं ताट खाली ठेवलं. किसनराव एवढंच म्हणाले, "खरं हाये नीळू. माह्या लक्षातच नाही आलं."

दिवाळी झाली आणि एका सकाळी किसनराव आमच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, हातात लाल कापडाची पुरचुंडी. मामंजींनी ती पाहिली मात्र, चेहरा असा उजळला की मला वर्षभराचा राग विसरायला झाला.

"घे," किसनराव म्हणाले. "माहे गुडघे आता पूजेले बसू देत नाहीत. पोरगा अमर पुण्याले. देवीत तुहाच जीव हाये, ते काय मले दिसत नाही? रीत राहू दे बाजूले. आता तूच कर तिची पूजा."

मामंजींनी गाठ सोडली. आत देवी होती. नाकडोळे ठसठशीत, हातात परडी, चकचकीत. त्यांनी ती उलटली. मागे नुसता गुळगुळीत पत्रा.

"तू बोलला तवापासून मले चैन नव्हती," किसनराव आनंदानं सांगत होते. "गुरुजीकडून विधी केला, जुना टाक आटवला आन् त्याच चांदीत नवा घडवला. आमच्या गावच्या सोनाराच्या मुशीसमोर बसून होतो मी, उपाशी. गुंजभर चांदी बाहेर जाऊ देल्ली नाही. मागं ते बाईचं थोबाड होतं, तेही गेलं. आता तुले नाव ठेवायले जागा नाही."

मामंजी टाक उलटसुलट करून बघत राहिले. मला मात्र राहवलं नाही. "मोठे मामंजी, यायले तो जुनाच पाह्यजे होता. राणीवाला."

किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"मंग मागतला काहून नाही रे? तसाच देल्ला असता."

ते जेवले नाहीत. दुपारच्या एसटीनं परत गेले. मामंजी त्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेले, पिशवी धरली, खिडकीशी उभे राहिले, असं बरोबर गेलेल्या सासूबाईंनी नंतर सांगितलं.

संध्याकाळी मी दिवा लावायला गेले, तर मामंजी देवघरासमोर बसलेले. मी विचारलं, खरंच, एवढी वर्षं का नाही मागितला?

"तो देईन असं वाटलंच नाही कधी," ते म्हणाले. "त्याच्या जागी मी असतो ना गौरी, तर देल्ला नसता."