डबा बंद करायची मोहीम

आईचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, काही महिने चपात्या लाटायच्या नाहीत, नारळ खोवायचा नाही. आईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हाताला पट्टा बांधून माझा डबा करायला उभी राहिली. का, तर माझं ऑफिस घाटकोपरहून अंधेरीला, काचेच्या इमारतींच्या नव्या वसाहतीत गेलं होतं. "थय जेवूक काय मिळतला तुका?" मी करते म्हटलं, तर म्हणे तुझ्या चपात्या कुत्रासुद्धा खायचा नाही. घ्या!

जाम भांडलो. शेवटी तह झाला. मी तिकडे चांगलं जेवण शोधायचं, आई स्वतः येऊन खाऊन बघणार, पसंत पडलं तर डबा बंद.

मग काय, डबा अकरालाच संपवायचा आणि एक वाजता शोधाला निघायचं. फूड कोर्टात सगळ्याला एकच सॉस. पलीकडे एका चकचकीत ठिकाणी मोठ्या वाडग्यात मूठभर पाला दिला, वर मोड आलेले मूग. हे आईला दाखवलं असतं तर तिने मला नोकरीच सोडायला लावली असती. आईचं मनगट रोज संध्याकाळी सुजायचं, आणि मी आपली रस्ते धुंडाळतेय. रडकुंडीला आले होते यार.

एके दिवशी डोकं चाललं. आमच्या इमारतीचे वॉचमन कुठे जेवतात? गेले त्यांच्या मागोमाग. दोन इमारतींच्या मागे एक गल्ली, गल्लीत पत्र्याची खानावळ, चार टेबलं. चालवणारी बाई आमच्याच मालवणकडची. बांगड्याचं सार, गरम भात आणि ताज्या नारळाच्या दुधाची सोलकढी. पहिला घास घेतला आणि मनात म्हटलं, झकास! सुटलं आईचं मनगट.

आईला बोलवायचा वार अगदी विचार करून ठरवला. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, म्हणजे मासे नाहीत. मंगळवार पक्का. मी सकाळीच ऑफिसला निघाले होते. आई दुपारी मेट्रोने एकटी आली, चांगली साडी नेसून. तिला खानावळीत टेबलाशी बसवून मी ऐटीत दोन माशांची ताटं सांगितली.

"अगो, आज अंगारकी मगे! माका उपास आसा."

वाट लागली. मंगळवारची संकष्टी, घरात भिंतीवर एवढं मोठं कॅलेंडर, आणि मालवणी घरातल्या मला पत्ता नाही. "मग आलीस कशाला?" मी वैतागून विचारलं.

"तू इतक्या हौसेन बोलवलंस, नाय कसा म्हणू? बघूक आलंय. खायन परत कधीतरी."

परत कधीतरी म्हणजे तोवर डबा चालू. मला इतका राग आला स्वतःचा!

तेवढ्यात ती खानावळवाली सार वाटीत घेऊन बाहेर आली आणि एका वॉचमनला म्हणाली, "भाऊ, मीठ बघा जरा. मला उपास आहे." आई एकदम ताठ बसली. आमच्या घरी हेच चालतं. उपासाच्या दिवशीही आई आमच्यासाठी मासे करते आणि मला हाक मारते, मीठ बघ गो.

"तुमचो पण उपास?" आईने विचारलं.

"होय, वयनी. माझ्यापुरती खिचडी केलंय साबुदाण्याची. खातलास?"

आई सवयीने वाढून घ्यायला उठली. बाईने तिचा पट्टा बघितला आणि खांद्याला धरून परत बसवलं. "बसा. मी आणतंय."

दोघींनी समोरासमोर बसून खिचडी खाल्ली. गावच्या गप्पा, मिरच्यांचे भाव, हाताचं दुखणं. मी बाजूला बांगडा खात होते, माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आणि मग आईने रिकामी बशी पुढे केली. "आजून आसा काय गो वायच?"

घरी आई सगळ्यांना वाढून टोपात उरेल ते खाते. तिने मागून घेतलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. डोळे भरून आले. सार तिखट आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला सवयीने जाग आली. स्वयंपाकघरात अंधार होता. पट्टा खुंटीवर होता आणि आई चक्क घोरत होती.