चकती कोणी केली

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीवर खेकसत होतो. तिची चकती तिसऱ्यांदा तडकली होती. फोनवर किसनची मुलगी होती. "सर, दादा गेलं सकाळी..." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. फोन ठेवतोय तोच विद्यार्थिनी म्हणाली, "सर, किसनभाऊ रजेवरून कधी येणारेत? त्यांच्याकडूनच करून घेते." त्याही क्षणी माझ्या पोटात दुखलं, हे आज कबूल करतो.

किसन आमच्या जुन्नरच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होता. मढच्या पलीकडच्या वाडीतला, बारावी झालेला. मी राजुरीच्या बागायतदाराचा मुलगा, रसायनशास्त्राचा प्राध्यापक. कॉलेजात इन्फ्रारेडचं यंत्र आलं आणि आमची सगळी उतरंडच उलटली. काम तसं सोपं. तपासायच्या पदार्थाची कणभर पूड पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या मिठात घोटायची, प्रेसमध्ये दाबून शर्टाच्या बटणाएवढी चकती करायची आणि तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण सोडायचे. कागदावर एक रेघ उमटते, तिच्यातल्या खड्ड्यांवरून पदार्थात कोणते बंध आहेत ते कळतं. चकती मात्र काचेसारखी हवी. माझी कायम दुधाळ यायची. किसनच्या चकतीतून पलीकडची अक्षरं वाचता यायची. मुलं नमुने घेऊन माझ्या टेबलावरून सरळ त्याच्याकडे जायची, वाटेत मला "गुड मॉर्निंग सर" म्हणून.

हे मीठ हवेतली ओल ओढतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! किसननं बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात एक बल्ब बसवला आणि मिठाची बाटली त्यात ठेवली. मी हसलो होतो. तो म्हणाला, "आमची आई बियाणं चुलीवरच्या फळीवं ठिवायची, सर. धग लागली की वल धरत न्हाई." त्या डब्याचाही मला हेवा वाटला. पुस्तकं मी वाचली होती, आणि सुचलं त्याला.

तेव्हा माझी पीएच.डी. चालू होती, हिरड्यातून काढलेल्या एका पदार्थावर. हिरडाही किसनच्याच वाडीवरून यायचा. त्या पदार्थातले ओएच बंध मला अभिक्रियेनं झाकायचे होते. ते झाकले गेले की रेघेतला मोठा खड्डा नाहीसा व्हायला हवा. अख्खा पावसाळा गेला, खड्डा जागचा हलेना. विषय सोडतो, असं मार्गदर्शकांना सांगायची तयारी केली होती मी... तेव्हा एके दिवशी किसननं माझ्या रेघेचा कागद खिडकीशी धरला.

"सर, ह्यो खड्डा तुमच्या मालाचा न्हाई. पाण्याचा हाय."

"तुला काय कळतं रे?"

"त्यो बगा, तिकडं बारका खड्डा हाय. पाणी असलं की त्यो असतोयच. तुमीच सांगितलं व्हतं पोरांना."

खरंच सांगितलं होतं. पाण्यातही ओएच बंध असतात, हे दरवर्षी फळ्यावर शिकवत होतो. स्वतःच्या कागदावर मात्र दिसलं नव्हतं. त्यानं डब्यातल्या कोरड्या मिठात त्याच पदार्थाची चकती करून दिली. खड्डा गेला होता, प्रयोग केव्हाच जमला होता. मी आभार मानायला हवे होते. त्याऐवजी, "बल्बचं बिल कॉलेजला येतं, लक्षात ठेव," असं म्हणालो.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांच्या पत्नीच्या चहालासुद्धा धन्यवाद दिले. किसनचं नाव नाही. छापून आल्यावर त्यानं प्रबंध हातात घेतला, थेट त्या आलेखाचं पान काढलं आणि म्हणाला, "लई झ्याक आलाय, सर." पण मला एक धास्ती कायमची बसली. यंत्राच्या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, 'चकती कोणी केली'. त्या दिवसापुढे त्याचं नाव असणार आणि कधीतरी कुणीतरी ते वाचणार. ते रजिस्टर मी पुन्हा उघडलं नाही.

दहाव्याला मढला गेलो. घाटावर माझेच विद्यार्थी उभे. औषध कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर गेलेले, डोळे पुसत होते. माझ्या दहाव्याला यातले किती येतील, हा विचार मला तिथे, नदीच्या काठावर आला. जळका स्वभाव, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात नव्या परिचरानं जुनी रजिस्टरं काढली आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवली. तो गेल्यावर मी ते पान शोधलं. किसनचं गोल गोल अक्षर... नमुना, तारीख, वेळ. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं : सर स्वतः.

त्याच दिवशी लिहिलं होतं त्यानं. प्रबंध व्हायच्या आधी, मी त्याला वगळायच्याही आधी. आणि मी इतकी वर्षं त्या पानाला भीत होतो. मोठेपणातही मला मागे टाकून गेला, म्हणून आधी रागच आला. मग बसून रडलो.

'सर स्वतः' खोडलं, त्याचं नाव लिहिलं, शेजारी सही केली. डब्यातला बल्ब अजून चालू आहे. घरी जाताना मी तो बंद करत नाही. काल त्यातलं मीठ घेऊन, कुणाची मदत न घेता चकती केली. दुधाळच आली. रजिस्टर ओढलं आणि शेवटच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.