लॅक्टोमीटर घेऊन मुरूमला

मुरूमला जरूर जा, पण माझ्यासारखी मांडीवर काचेची नळी घेऊन जाऊ नका! ऐंशीच्या दशकातली दुष्काळी वर्षं. मी उस्मानाबादला नवी-नवी शिक्षिका. मुरूमच्या आत्याचा निरोप आला, "दूध संस्थेचा लॅक्टोमीटर फुटलाय. नवा घेऊन ये, माझं दूध अडलंय." या काचेच्या नळीनं पाणी आहे का ते तपासल्याशिवाय नव्या सभासदाचं दूध घेत नसत, आणि आमच्या बौद्ध वस्तीतली आत्या पहिलीच सभासद. तिचं दूध गावाच्या कॅनमध्ये पडतं का, हे बघायला सगळे टपलेले. मी एका पायावर तयार!

उमरग्याकडची सकाळची एसटी धरली. नळदुर्गच्या पुढं खड्डा आला की अख्खी बस माझ्या मांडीकडं बघायची. शेजारच्या आजोबांनी तर डोक्याचा पटका सोडून नळीला गुंडाळला.

"पोरी, हे तापाचं हाय का?"

"दुधाचं, बाबा."

"दुधाला बी ताप येतो व्हय?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. जाणाऱ्यांनी डबा नि पाणी जवळ ठेवावं. तेव्हा वाटेत चहा मिळायचा, पाणी मात्र मागून प्यावं लागायचं.

मुरूमला बाजार भरला होता. अर्धा बाजार मराठीत भांडत होता, अर्धा कन्नडमध्ये. चार आण्यांची भजी नि एक शेंगापोळी हाणली, नळी सांभाळत.

संध्याकाळी आत्या म्हशीखालून उठली ती थेट संस्थेत. किटली अजून हाताला गरम लागत होती. "ताजं म्हंजे काय, बघू द्या सगळ्यांनला!" सचिव अप्पांनी दुधात नळी सोडली. ती खुणेपेक्षा खोल बुडाली. रांगेत मागून एक म्हातारी म्हणाली, "पाणी हाय."

आत्या कडाडली, "पाणी? चार दिस झालं टँकर न्हाय! दुधात घालाया पाणी आणू कुठनं? असतं तर आदी म्या पिलं असतं!"

रांग खो-खो हसली. अप्पा मात्र हसेनात. मी घाईघाईनं नळीबरोबर आलेला कागद उघडून मोठ्यानं वाचला: दूध निवल्यावर तपासावे, गरम दुधात नळी जास्त बुडते. इतरांचं दूध लांबून येईपर्यंत निवायचं. आत्यानं मात्र मिरवायला धारोष्ण आणलेलं!

किटली सावलीत ठेवली. एकही माणूस घरी गेला नाही. मी नखं खाल्ली. पुन्हा नळी सोडली तर ती बरोबर खुणेवर तरंगली! मी टाळ्याच वाजवल्या.

"बाई, ओता," अप्पा म्हणाले.

आत्यानं ओतलं. मागच्या म्हातारीनं आपला दुधाचा तांब्या हातात धरून क्षणभर कॅनमध्ये पाहिलं, आणि त्यातच रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी उस्मानाबादला परतले. बाजार, भजी हळूहळू विसरले. तो कॅन मात्र विसरले नाही. त्यातलं आत्याचं दूध कुठलं, ते आत्यालाही सांगता आलं नसतं.