मी अर्धंच सांगितलं

स्वाईन फ्लूमुळे पुण्यातली कॉलेजं आठवडाभर बंद झाली आणि आमचं होस्टेल रिकामं झालं. माझी रूममेट टांझानियाची. ती कुठे जाणार? ती रोज फोनवर आईशी हसून बोलायची आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. झोप तर गेलीच होती. मी विचारायचे, "ठीक आहेस ना?" ती म्हणायची, "ठीक." इंग्रजीत आमचं तेवढ्यावर भागायचं. मलाही ते सोयीचं होतं.

तरी तिला एकटीला सोडवेना, म्हणून दौंडला घरी घेऊन आले. गाडीत आमच्या बाकावर तिसरं कुणी बसलं नाही. रेल्वे कॉलनीत शिरलो तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "पुण्याचा ताप घरी आणला व्हय गं?"

"आणलाय की," आई दारातून म्हणाली. "चहाला धाडू का तुमच्याकडं?"

दोन दिवस ती ताटातली भाकरी नुसती मोडत राहिली आणि फोनवर आईशी मात्र तशीच हसून बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आई घेवडा निवडायला मुद्दाम तिच्यासमोर बसली. मला म्हणाली, "हिला इचार, झोप का लागत न्हाई? कशाचं भ्या वाटतंय? आन् आईला खरं का सांगत न्हाई?"

मी इंग्रजीत विचारलं, "आई म्हणतेय, तुला काही हवंय का?"

"नको. थँक यू."

आईचे हात थांबले. "मी एवढं बोलले, आन् तू एवढंच सांगितलंस? इंग्रजी शाळंत हेच शिकवलं व्हय?"

माझे कान तापले. असले प्रश्न मी कधी कुणाला विचारले नव्हते. मला कुणी विचारले असते, तर मी उठून गेले असते. शेंगांकडे बघत मी तिन्ही प्रश्न जसेच्या तसे विचारले.

ती उठली नाही. म्हणाली, "मी इथं मेले, तर मला घरी पाठवतील, की इथंच जाळतील?"

या वेळी मी आईला सगळं सांगितलं.

"मला ठाव न्हाई, बाई," आई तिलाच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आईला फोन लाव म्हणावं. आन् कालच्यावानी हसू नको म्हणावं."

मागच्या पायरीवर बसून तिनं फोन लावला. तिच्या भाषेतलं मला अक्षर कळत नव्हतं. पण ती हसली नाही. तिचं रडू ऐकून मी आत जायला उठले, तर तिनं माझी ओढणी धरली. मी परत खाली बसले.