सोनीचं सासर

त्या शनिवारी सकाळी बाथरूमच्या कोपऱ्यात मला लालसर थेंब दिसले. नालासोपाऱ्यातला, आचोळ्याचा आमचा फ्लॅट. माझं लग्न होऊन जेमतेम दोन-तीन महिने झालेले, आणि घरोघरी मोबाईल यायचे होते तेव्हाची ही गोष्ट.

थेंब सोनीचे होते. सोनी म्हणजे माझी मांजर, निर्मळच्या माहेराहून माझ्याबरोबर सासरी आलेली. तिकडे दिवसभर केळीच्या वाडीत उंडारायची. सासूबाईंकडे आधीच तीन मांजरं आहेत हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला होता... म्हटलं, हिला सोबत होईल.

कसली सोबत! त्या तिघांचा म्होरक्या राजा, चांगला दांडगा बोका. मारामारी वगैरे काही नाही, नुसता बघायचा... सोनी ताटलीकडे निघाली की आडवा येऊन बसायचा. वाळूच्या ट्रेपाशीही तेच.

सोनी पलंगाखाली शिरली ती शिरलीच. पोट चाटून चाटून केस गेले, खालची गुलाबी कातडी दिसायला लागली. मग अंथरुणावर शू... मी चादरी गुपचूप धुवायचे. नव्या सुनेने आल्या आल्या सासूच्या लाडक्या बोक्याची तक्रार कशी करायची?

रक्त बघून मात्र मला रडूच फुटलं. सासूबाई हातातलं लाटणं तसंच टाकून धावत आल्या. खाली वाकून थेंब बघितले आणि एवढंच म्हणाल्या, "टोपली आण. रिक्षा मी बघते."

वसईच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी सोनीचं पोट हलक्या हाताने दाबून बघितलं. लघवी तुंबलेली नव्हती, पण मूत्राशयाला सूज होती. मग त्यांनी विचारलं, "घरात अजून मांजरं आहेत का?"

"तीन आहेत," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "सगळ्यांची पंगत एकत्रच बसते."

"आणि शी-शूचा ट्रे?"

"एकच. भांडत नाहीत हो आमची."

डॉक्टर हसले. "आई, ही भांडत नाही कारण ही घाबरलीय. अशा ताणानेसुद्धा मांजरांना हा त्रास होतो. औषध देतो, पण हिची ताटली, पाणी, ट्रे सगळं वेगळं करा. आणि बाकीच्यांपासून लांब, उंचावर बसायला एक जागा द्या."

परत येताना सासूबाई रिक्षात टोपली मांडीवर घेऊन सारख्या बाहेरच बघत होत्या. मला वाटलं, झालं... रागावल्या.

घरी आल्याबरोबर त्यांनी स्टूल ओढलं आणि स्वतःच्या खोलीतल्या कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या. वर जुनी शाल अंथरली, खाली सोनीची वेगळी ताटली, पाणी आणि ट्रे मांडला. सोनीला चढता यावं म्हणून शिलाई मशीन कपाटाला टेकवून ठेवलं. राजाला दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढलं, "तू बाहेरच बस रे आता," म्हणत दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी भाजी निवडत होते. त्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "आणि तुझं काय गं?"

"माझं कुठे काय, आई?"

"तूही आल्यापासून सगळ्यांच्या मागूनच जेवतेस. तुला काय हवं-नको, आम्ही कुणी विचारलंच नाही..."

मी शाळेत शिकवायचे, पेपर मांडीवर घेऊन तपासायचे. कसंबसं म्हटलं, "एक टेबल हवं होतं, खिडकीपाशी." दुसऱ्याच दिवशी शोकेस भिंतीकडे सरकलं आणि खिडकीपाशी टेबल आलं... माझं.

सोनी हळूहळू सावरली. आधी खाणं सुधारलं, मग रक्त थांबलं, पोटावर मऊ लव आली. राजाशी तिची मैत्री कधीच झाली नाही. पण एका दुपारी खोलीचं दार उघडं राहिलं, बघते तर तो मशीनवर गाढ झोपलेला, आणि ही वर कपाटावर शेपूट खाली सोडून निवांत...

सोनी पुढे खूप वर्षं जगली. सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत, अजूनही मांजरांवरून सगळ्यांना दम देतात. नव्या घरात प्रेम करणारी माणसं बऱ्याच जणींना मिळतात... मला स्वतःचं सामान हलवून जागा करून देणारी सासू मिळाली.