वहिनींच्या हातचं तबक

आमची प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळी सुरू झाली ती एका धान्याच्या कोठारात. लोक पोत्यांवर बसत, उंदरांनाही मज्जाव नसे. पुढे दगडी इमारत झाली, पाळक आले नि गेले. पण मंडळीचा कारभार पाहायला निवडलेले वडील मात्र सगळे पुरुषच. पहिल्या बाई निवडून आल्या त्या आमच्या शिवणवाल्या वहिनी.

वहिनी शाळेचे गणवेश शिवत. वाढत्या पोरांच्या कपड्यांत शिवणीला भरपूर माया ठेवत. कुणाकडे दुखणं आहे, कुणाकडे चूल थंड आहे, हे त्यांना पाळकांच्या आधी कळे.

नवरा म्हणाला, "आता घरातही तुला वडील म्हणू का?"

"म्हणा की. आणि वडिलांसमोर आवाज खाली!"

हसल्या नाहीत त्या फक्त थोरल्या नणंदबाई. त्यांचे बाबा, म्हणजे वहिनींचे सासरे, कोठारातल्या दिवसांपासून मंडळीचे वडील म्हणून उपासनेत तबकातून प्रभुभोजनाची भाकर वाटत आले होते.

"बाबांचं तबक तुझ्या हाती? तुझ्या हातून मी घ्यायची नाही, सांगून ठेवते."

"वन्सं, माझ्यापायी तुम्ही प्रभुभोजन सोडू नका. त्यापेक्षा मीच नको म्हणते."

"तू तुझं बघ."

वहिनींची झोप उडाली. आपल्यामुळे म्हातारं माणूस उपाशी उठलं तर ते पद काय चाटायचंय? पण पाळकांनी ऐकलं नाही.

त्या रविवारी नणंदबाई आपली नेहमीची, मधल्या वाटेकडची जागा सोडून त्याच बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला जाऊन बसल्या. हिशेब सरळ होता. वडील मधल्या वाटेने तबक देतात, मग ते बाकावर हातोहात सरकत जातं. म्हणजे भाकर शेजारणीकडून मिळणार, भावजयीकडून नाही.

शेजारणीकडूनच मिळाली. त्यांनी समाधानाने खाल्ली. मान वर केली, तर खिडकीकडच्या वाटेने वळसा घालून वहिनी समोर उभ्या.

आमच्याकडे वडील स्वतःच्या हाताने घेत नाहीत. शेवटच्या बाकाच्या टोकाला जो बसतो, तो तबक धरून त्यांना वाढतो. हा बाक शेवटचा होता. जन्मभर मधल्या टोकाला बसलेल्या बाईंच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

वहिनींनी नजर खाली वळवली. हात पुढे केला नाही. वाटलं तर वन्संनी तबक नुसतं परत द्यावं, म्हणून त्या थांबून राहिल्या.

नणंदबाईंनी तबकाकडे पाहिलं, भावजयीच्या सुया टोचून खरखरीत झालेल्या बोटांकडे पाहिलं. मग तबक उचलून धरलं.

"घे गं," त्या पुटपुटल्या. "सगळे खोळंबलेत."

वहिनींनी भाकर घेतली.

बाहेर चपला घालताना वहिनींनी भीतभीत विचारलं, "पुढच्या वेळी कुठे बसाल, वन्सं?"

"माझ्या जागेवर. खिडकीतून डोळ्यांवर ऊन येतं."

"मग माझ्याच हातून घ्यावं लागेल."

"घेईन. स्वतःच्या हाताने वाढून झालं, आता कसला रुसवा? पण तबक जरा खाली धर. माझा हात उंच पोचत नाही."