गोदामावरचा झाडू

हॉलंडमधल्या लायडन शहरात, कालव्याकाठी, ब्लँकेटांचं एक जुनं गोदाम आहे. एकतीस वर्षं त्याची राखण विबे हूफ्स्त्राने केली. माणूस कामाला वाघ, पण नुसता संशयाने पोखरलेला! पोस्टमनने सहज “काय विबे, बरं आहे ना?” विचारलं तरी हा दिवसभर डोकं खाजवत बसायचा, की याने आजच का विचारलं? तळमजल्यावर त्याची एक खोली होती. खिळे, बल्ब, कॉफीचं भांडं, सगळं तिथे कुलपात. किल्ली कुणाच्या हातात द्यायची नाही म्हणजे नाही.

मग गोदाम विकलं गेलं. इथे म्हणे काचेच्या भिंतींची ऑफिसं होणार. नव्या मालकांनी नेमलेली कामाची प्रमुख हिल्डे ब्रुकमान, चाळिशीची, सायकलवरून येणारी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “विबे, तुम्ही इथेच राहायचं हं. तुमच्याशिवाय ही इमारत कुणाला कळणार?”

झालं! विबेची झोप उडाली. एवढं गोड बोलते म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. त्याने भिंतीवरचा नवा नकाशा नाक टेकवून पाहिला. प्रत्येक खोलीवर नाव होतं. त्याच्या खोलीच्या जागी मात्र कोरा चौकोन.

“अहो, अजून ठरलं नसेल,” छपराच्या कामावरचा मुकादम योरिस म्हणाला.

“तू गप रे. यांचं सगळं ठरलेलं असतं. आपल्याला तेवढं शेवटी कळतं.”

नव्या छपराचा शेवटचा वासा एका गुरुवारी चढायचा होता. त्याच सकाळी ट्रकवाल्याने विबेच्या दारात सहा जड, बंद खोकी उतरवली. आत बाटल्या किणकिणत होत्या. वर एक पाकीट, त्यावर विबेचं नाव. हा तर निरोपाचा नारळ! एकतीस वर्षं राबलो, आणि हातावर काय, तर बाटल्या! त्याने पाकीट उघडलंच नाही. उघडलं नाही म्हणजे मिळालं नाही, आणि मिळालं नाही तर कामावरून काढणार कसे, असं त्याचं गणित. पाकीट खिशात कोंबलं, खोकी खोलीत ढकलली, कुलूप लावलं.

आमच्याकडे वासा चढला की मालकाने कामगारांना बिअर पाजायची. पाजली तर छपरावर झेंडा लागतो. नाही पाजली तर झाडू, म्हणजे गावभर कळतं की मालक कद्रू आहे.

तीन वाजले, चार वाजले. बिअरचा पत्ता नाही. साडेचारला योरिसच्या माणसांनी अंगणात टेकवलेला लांब दांड्याचा झाडू उचलला आणि छपराच्या टोकाला बांधला. पुलावर लोक थांबून हसायला लागले. विबे तर भलताच खूश!

“बघा! मी म्हणत नव्हतो? काचेत बसणारी माणसं ही. यांची मूठ सुटते होय?”

पाचला हिल्डे आली. चेहरा लालबुंद.

“योरिस, हा काय तमाशा? सकाळीच सहा खोकी पाठवलीत मी!”

“आम्हाला टोपणसुद्धा दिसलं नाही, बाई.”

“विबेंकडे पाठवलीत. वर पत्र लिहून!”

सगळ्या माना विबेकडे वळल्या. त्याने खोलीचं कुलूप काढलं, मग खिशातलं चुरगळलेलं पाकीट पुढे केलं.

“माझ्याकडे काय देताय? तुम्हीच वाचा,” हिल्डे म्हणाली. “मोठ्याने.”

त्याने वाचलं. ‘विबे, आजची बिअर तुमच्या हातून जाऊ दे. या इमारतीचे यजमान तुम्हीच. तुमच्या खोलीला काय नाव द्यायचं तेही सांगा, म्हणून नकाशात जागा कोरी ठेवली आहे.’

“मला वाटलं,” विबे कसाबसा म्हणाला, “तुम्ही मला काढताय.”

“तो विचार माझ्या मनाला कधी शिवलाही नव्हता, विबे. आज पहिल्यांदा आला.”

साठी उलटलेला माणूस, पण शिडी चढून तो स्वतः वर गेला. झाडू त्याचाच होता, दांड्यावर त्याचं नाव कोरलेलं. तो काखेत मारून खाली आला आणि एकेकाच्या हातात बाटली उघडून दिली. शेवटची हिल्डेला. तिने घेतली, पण ओठाला लावली नाही.

तेव्हा विबेने खिशातून खोलीची किल्ली काढली.

“हिच्यावरून दुसरी करून घ्या,” तो म्हणाला. “एक तुमच्याकडे असू दे.”